मीठ ज्याचं त्याने

या, असे जवळ सरका. गोष्ट सांगायची आहे, पण आवाज चढवून सांगता येणार नाही. कारण ती सुरू होते त्या क्षणी एक माणूस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चोरपावलांनी शिरला आहे आणि त्याचा हात मिठाच्या बरणीत आहे.

त्याला चोर म्हणावं, तर तो काही नेत नाही. उलट टाकतो आहे. शेगडीवर मोठं पातेलं रटरटतं आहे, त्यात वाटाणे, गाजरं, कांदे. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, सत्तरीला टेकलेला. त्याने आधी चिमूट घेतली. त्या पातेल्यापुढे ती फारच केविलवाणी दिसली, म्हणून मूठ भरली. मूठ आत गेली. मागच्या अंगणात ओला कपडा झटकल्याचा आवाज आला, तसा तो दचकला आणि घाईघाईत आणखी एक मूठ टाकून मोकळा झाला. जन्मभर बस चालवलेल्या माणसाने स्वयंपाकाचा अंदाज कुठून आणावा? झाकण बरणीवर कसंबसं टेकवलं, हात पँटला पुसला, आणि बाहेर येऊन खिडकीजवळच्या आपल्या जागेवर असा बसला, जणू सकाळपासून तिथेच उगवला होता.

आता हा हात बरणीपर्यंत कसा पोचला, ते ऐका.

बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथे शहर संपतं असं लोक समजतात. खरं तर तिथून पुढेही गल्ल्या आहेत, बुटकी कुंपणं आहेत, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी आहेत. आणि जेवायच्या जागाही आहेत, फक्त पाटी कुणी लावत नाही. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत एक म्हातारबा सकाळी आम्लेट-पाव देतो, अंडी संपली की झोपतो. पेट्रोल पंपाच्या भिंतीला लागून दोघी बहिणी सूप विकतात, पण त्यांचं आपसात बिनसलं की समेट होईपर्यंत गिऱ्हाईक उपाशी. आणि पाण्याच्या टाकीखाली, शेवटच्या थांब्यासमोर, वहिनींची खोली. दारात निळी खुर्ची ठेवलेली असली की जेवण आहे. खुर्ची आत असली की नाही. एवढीच त्या जागेची पाटी.

खुर्ची भाऊंच्या वेळेपासूनची. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. बस येऊन परत निघेपर्यंत ड्रायव्हर लोकांना मधे जो वेळ मिळायचा, त्यात ती माणसं मांडीवर डबा घेऊन पायरीवर बसायची. पावसात भिजलेला पाव खाताना एकाला भाऊंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या भाड्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत टेबलं टाकली. तो भिजलेला पाव खाणारा म्हणजे आपला हा ड्रायव्हर. तो भाऊंना भाऊ म्हणाला, म्हणून त्यांच्या बायकोला वहिनी म्हणाला. तो म्हणाला म्हणून सगळेच म्हणायला लागले. वहिनी त्याला भावोजी म्हणायच्या. रक्ताचा संबंध नाही. पण वाढणारीने आणि जेवणाऱ्याने मानलं की नातं होतं, त्यावर आणखी कुणाची सही लागत नाही.

नोकरी संपली तरी ड्रायव्हर हे नाव त्याला चिकटून राहिलं, आणि तो त्या खिडकीजवळच्या टेबलाला. बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. घरी त्याने चूल म्हणून पेटवली नाही. दोन्ही वेळा वहिनींकडे.

मग भाऊ गेले. जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि गेले. वर्ष फिरायच्या आत ड्रायव्हरच्याही छातीत कळ आली, पण तो दवाखान्यापर्यंत पोचला आणि वाचला. मुलगी येऊन त्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे त्याला वेगळं ताट. सगळ्यांची भाजी होण्याआधी त्याची वाटीभर बाजूला काढलेली, अळणी. नातवंडांनी विचारलं की आजोबांचं असं का, तर मुलगी म्हणायची, "आपल्याला चालतं, त्यांना चालत नाही." त्याने थोडे दिवस सोसलं. मग एका दुपारी ताट सरकवून उठला.

"मला आजाऱ्याचं ताट वाढणार असाल, तर मी माझ्या घरी बरा," म्हणाला, आणि पिशवी उचलून बसमध्ये जाऊन बसला. मुलगी थांब्यापर्यंत मागे आली होती. तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.

परत आल्यावर तो वहिनींकडे पहिल्यांदा जेवायला बसला, घास तोंडात घेतला आणि चावता चावता थांबला. कालवणात मीठच नव्हतं.

एखाद्या दिवशी माणूस विसरतं. पण दुसऱ्या दिवशी तेच, आठवडा गेला तरी तेच. टेबलावरच्या मिठाच्या डब्याही नाहीशा झालेल्या. ड्रायव्हरने पुष्कळ विचार केला, आणि त्याला उलगडा झाला. भाऊ गेले आणि वहिनींच्या जिभेची चव गेली. तो दवाखान्यात असताना त्या तापाने पडल्याही होत्या म्हणे. तेव्हा गेलेली चव परत आलीच नाही. बाई मानी, आपल्याला कळत नाही हे दुसऱ्याला कळू नये, म्हणून डब्यासुद्धा उचलून टाकल्या.

रोजच्या जेवणाऱ्यांपैकी किल्लीवाला आणि टेलरबाई ही दोन माणसं जुनी. त्यांना त्याने थांब्याच्या छपराखाली बोलावून घेतलं.

"वहिनींना कुणी काही बोलायचं नाही."

"कशाबद्दल?" किल्लीवाल्याने विचारलं.

"जेवणाबद्दल. जीभ आहे ना तुझ्या तोंडात? का तीही कुणाला विकलीस?"

किल्लीवाल्याने टेलरबाईंकडे बघितलं. टेलरबाई गळ्यातल्या टेपशी चाळा करत होत्या. बराच वेळ त्या टेपवरच्या आकड्यांकडेच बघत राहिल्या.

"कळलं, दादा," शेवटी त्या म्हणाल्या. "नाही बोलणार."

"शपथ?"

"शपथ."

"तुझी?"

"घ्या, माझीही," किल्लीवाला म्हणाला आणि त्याला एकाएकी खोकला आला.

शपथ दोघांनी पाळली, पण जिभेला कोण आवरणार? किल्लीवाला आगपेटीत मीठ घेऊन यायला लागला, टेलरबाई बटणांच्या डबीत. वहिनी आत वळल्या की आगपेटी सरकायची, डबी टिचकन उघडायची, आणि वहिनी बाहेर यायच्या आत दोन्ही गडप. ड्रायव्हरला त्याचा राग यायचा. एकदा तर तो टेबलावर झुकून म्हणालाही, "लाज वाटू द्या जरा. तिच्या पाठीमागे तिच्या अन्नाला नावं ठेवल्यासारखंच आहे हे."

"तुम्ही घ्या ना थोडं," किल्लीवाला म्हणायला गेला, तर टेलरबाईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"मला नको," ड्रायव्हर ताठ बसून म्हणाला. "मी वाढलेलं खातो."

आणि तो खायचा. बेचव कालवण पावाला लावून शेवटच्या घासापर्यंत, चेहऱ्यावर समाधान आणून. वहिनी विचारायच्या, "बरं झालंय ना?" तो म्हणायचा, "फर्मास." आपण खाल्ल्या मिठाला जागतो, असं त्याला मनातून वाटायचं, आणि त्या खाण्यात मीठच नाही, ही गोष्ट त्या अभिमानाच्या आड कधी आली नाही.

तब्येत मात्र सुधारली. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून यंत्राकडे बघायचे आणि मान डोलवायचे. "पथ्य छान पाळताय तुम्ही." ड्रायव्हर बाहेर येऊन ते सगळ्यांना नक्कल करून दाखवायचा. "पथ्य! दोन्ही वेळा बाहेर जेवतो मी, आणि हे म्हणे पथ्य! या डॉक्टर लोकांना काही कळत नाही बघा." टेलरबाई दाद द्यायच्या. किल्लीवाला तोंड फिरवायचा. रविवारी मुलीचा फोन यायचा, तेव्हाही तेच. "जेवलात ना बाबा? वहिनींकडेच ना?" हो म्हटलं की ती गप्प व्हायची, जास्त काही विचारायची नाही. तिलाही आता आपल्या पथ्याचं काही पडलेलं नाही, असं त्याने धरून ठेवलं.

असं चाललं होतं. मग जागेच्या मालकाने निरोप धाडला. मोबाइलच्या दुकानासाठी कुणीतरी पुढची खोली मागतं आहे. गिऱ्हाईक वाढत असेल तर बघा, नाहीतर मोकळी करून द्या. वहिनी "बघू" म्हणाल्या आणि कांदा चिरायला बसल्या. ड्रायव्हरला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. निळी खुर्ची आत गेली की पुन्हा बाहेर येणार नाही. आणि मग तो कुठे जेवणार? म्हातारबाकडे दुपारचं नसतं. बहिणींचा भरवसा नाही. उरतं ते मुलीचं घर, आणि तिथलं वेगळं ताट.

म्हणून त्या सकाळी बसमधून एक मुलगी उतरली आणि तिने विचारलं, "इथे जेवायच्या लहान लहान जागा आहेत असं ऐकलं. कुठे आहेत सांगाल?" तेव्हा ड्रायव्हरला ती देवानेच धाडल्यासारखी वाटली. ती पेपरात लिहायची. शहराच्या कडेला असलेल्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या खाण्याच्या जागांबद्दल तिचं सदर होतं. तिचं वाचून लोक गाड्या काढून लांबून येतात, असं ती सहज बोलून गेली. ड्रायव्हर तिला हात धरून न्यावं तसं खुर्चीपर्यंत घेऊन गेला.

"इथे जेवायचं. बाकी सगळं नंतर."

"येते ना दुपारी. आधी पेट्रोल पंपापाशी दोघी बहिणी सूप देतात म्हणे, ते घेऊन बघते."

"आज बोलतायत का त्या एकमेकींशी, ते आधी बघून घे."

ती हसली. मग निघता निघता म्हणाली, "आणि काका, मी जे असेल ते लिहिते हं. मागे एका ठिकाणी अगदी अळणी जेवण मिळालं, तर तसंच लिहिलं. फार रागावले ते लोक."

ती वळणावर दिसेनाशी झाली, तरी ड्रायव्हर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच होता.

आणि वहिनी कपड्यांची बादली घेऊन मागच्या अंगणात गेल्या, तेव्हा तो आत शिरला. इथवर आपण येऊन पोचलोच होतो.

वहिनी रिकामी बादली घेऊन आत आल्या. रोजच्यासारखा डाव फिरवला, तळहातावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. ड्रायव्हर वाढायच्या खिडकीतून हे रोज बघायचा आणि त्याला वाईट वाटायचं. घरात खुर्चीवर बसल्याबसल्याही त्याचा पाय कधी कधी ब्रेक शोधायचा. तशीच ही जुनी सवय, कामाची नाही, असं तो समजून होता. आज तो तळहात तोंडापाशीच थांबला. वहिनींनी पुन्हा थेंब घेतला. मग त्यांनी बरणीकडे बघितलं, तिरक्या झाकणाकडे बघितलं, ओट्यावर सांडलेल्या कणांवरून बोट फिरवलं. मग मान वर करून बाहेर बघितलं.

ड्रायव्हर खिडकीतून पाण्याची टाकी बघत होता. ती टाकी त्याने आयुष्यात कधी इतकी मन लावून बघितली नव्हती.

वहिनींनी टोपलीतले बटाटे काढले, भराभर सोलले, मोठ्या पातेल्यात सोडले, वर भरपूर पाणी ओतलं. मग मागच्या शेगडीवर एक लहान भांडं चढवलं.

"भावोजी, आज थोडा उशीर होईल."

"होऊ दे की!" तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला. "घाई कुणाला आहे?"

पाहुणी येणार म्हणून कालवण वाढवतायत, त्याने मनाशी म्हटलं. बरंच झालं. आपला हातही जरा सैल पडला होता.

दुपारी ती पेपरातली मुलगी आली आणि भिंतीजवळच्या टेबलाशी बसली. पाठोपाठ किल्लीवाला आणि टेलरबाई आल्या. ड्रायव्हरने किल्लीवाल्याला जवळ ओढून कानात सांगितलं, "आगपेटी आज खिशातच राहू दे. गरज पडणार नाही."

"म्हणजे?"

"खा, कळेल."

वहिनींनी तिघांपुढे वाडगे ठेवले, पाव ठेवला आणि त्या आत वळल्या. बस्स, वहिनींची पाठ दिसली मात्र, किल्लीवाल्याचा हात आपोआप खिशात गेला. सांगितलेलं त्याच्या ध्यानात राहिलं नाही असं नाही. हाताला आठवलं नाही. आगपेटी सरकली, मीठ पडलं, चमचा तोंडात गेला. त्याचे डोळे एकदम भरून आले. तो पाण्याच्या भांड्याकडे झेपावला.

टेलरबाईंनी डबी उघडली होती, पण आधी घास घेतला. घास तोंडातच राहिला. कालवणाला चव होती. भाऊंच्या वेळची चव. बाई आनंदायच्या, ते राहिलं बाजूला. त्यांचा चेहरा उतरला.

"दादा, तुम्ही हे खाल्लं नाहीत ना?"

"मला वाढलंय कुठे अजून?"

"नाही ना? एक घाससुद्धा नाही?"

"अहो नाही! तुमचं काय चाललंय?"

मुलीचं लक्ष आगपेटीवर होतं. "काका, तुम्ही आगपेटीत मीठ ठेवता?"

किल्लीवाला पाणी पिऊन दम घेत होता. "ते... दातासाठी. दात दुखतो माझा."

मुलीने टेलरबाईंच्या डबीकडे बघितलं.

"माझीही दाढ," टेलरबाई म्हणाल्या आणि डबी मिटली.

मुलीने चमच्याने ढवळलं, एक घास घेतला, आणखी एक घेतला, आणि पाव तोडला. ड्रायव्हर चोरून तिच्याकडे बघत होता. ती मान खाली घालून जेवत होती, भुकेल्या माणसासारखी. झालं तर मग. खुर्ची बाहेर राहणार. त्याने पाय लांब केले आणि आत आवाज दिला.

"वहिनी, माझं?"

"आणते."

वहिनी आल्या. त्यांच्या हातात मोठ्या पातेल्यातला वाडगा नव्हता. लहान भांड्यातलं काही एका बशीत काढलेलं होतं. वाटाणे, बटाट्याच्या फोडी, वर लिंबू पिळलेलं, भरडलेली मिरी. त्यांनी ते त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"जेवण."

"मला कालवण वाढा ना, सगळ्यांना वाढलंत ते."

"ते तुम्हाला नाही, भावोजी. खारट झालंय."

"ही सगळी मिटक्या मारत खातायत!"

"त्यांना चालतं," वहिनी म्हणाल्या.

तो शब्द कानावर पडला आणि ड्रायव्हर जिथल्या तिथे थिजला. मग त्याचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आले. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. किल्लीवाल्याचा चमचा थांबला. टेलरबाईंनी डबी मुठीत घट्ट धरली. मुलीला काही समजलं नव्हतं, पण खोलीत काहीतरी झालं एवढं तिलाही जाणवलं, आणि तिने पाव खाली ठेवला.

वहिनींनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि ते टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

"तुमच्या भाऊंच्या पुढ्यातली मिठाची डबी मला उचलता आली नाही," त्या फडक्याकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टर सांगून सांगून थकले. मी उचलायला गेले की हे म्हणायचे, राहू दे गं, तेवढीच मजा. मी राहू द्यायची."

एवढं बोलून त्या आत गेल्या.

ड्रायव्हरचे हात कडेवरच होते. बाहेर बस येऊन थांबली, दार उघडलं, कुणी उतरलं नाही, दार मिटलं. बस वळसा घेऊन निघून गेली. त्याने समोरची बशी बघितली. किल्लीवाल्याच्या वाडग्याशेजारची आगपेटी बघितली. ती इतक्या दिवसांच्या हाताळण्याने कडांना मऊ झाली होती. मग त्याचा एक हात सुटला, चमच्याकडे गेला. त्याने बटाट्याची फोड तोंडात घातली आणि हळूहळू चावली.

लिंबू आणि मिरी सोडली, तर ती रोजचीच चव होती.

त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली.

किल्लीवाल्याने वाडग्यात पाणी ओतून ते खारट कालवण कसंबसं संपवलं. मग मुलीने तिला विचारायचं होतं ते विचारलं.

"काका, तुम्ही इथे सगळ्यात जुने. या जागेचं खास काय, असं लिहू मी?"

ड्रायव्हरने तोंडातला घास संपवला.

"लिही," तो म्हणाला. "इथे येताना मीठ ज्याचं त्याने आणावं."

"असा नियम आहे इथला?"

"आहे."

"कुणी केला?"

त्याने किल्लीवाल्याकडे बघितलं, टेलरबाईंकडे बघितलं. दोघंही आपापल्या वाडग्यात काहीतरी शोधत होती.

"मला कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला आणि पुढचा घास घेतला. "बटाटा बाकी छान शिजलाय."

जेवणं झाली, पेपरातली मुलगी फोटो काढून बसने गेली, किल्लीवाला आणि टेलरबाई आज जरा लवकरच उठल्या. निळी खुर्ची आत आणायचं काम भाऊंच्या मागे ड्रायव्हरकडे होतं. ती त्याने दाराआड ठेवली आणि वाढायच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. वहिनी भांडी घासत होत्या.

"माझ्या पोरीचा फोन येतो का तुम्हाला?"

"येतो. दर रविवारी. तुमच्या आधी मला करते."

तो खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत राहिला.

"भावोजी," वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरणीचं झाकण नीट लावत जा. मीठ ओलं होतं."

"बरं."

संध्याकाळी त्याने आपणहून आपल्या मुलीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली. "बाबा, बरं आहे ना सगळं? जेवलात ना?"

"जेवलो," तो म्हणाला. "आज मला वेगळं वाढलं होतं."

पलीकडे मग मुलीने नाक ओढल्यासारखं त्याला वाटलं. तो फोन कानाला धरून तसाच बसला, आणि दोघांपैकी कुणालाच फोन ठेवायची घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं रोजच्यासारखं. एकच पातेलं, एकच कालवण. वहिनींनी वाढलं आणि त्या आत वळल्या. किल्लीवाल्याचा हात खिशापाशी गेला आणि अडखळला. आता लपवायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. ड्रायव्हरने खुर्ची फिरवून घेतली आणि तोंड खिडकीकडे केलं.

"घ्या, घ्या," तो टाकीकडे बघत म्हणाला. "मी बघत नाही."

वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "बरं झालंय ना?"

"अळणी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

भाऊ गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

पेपरात आलं ते चार ओळींचं. आम्लेटवाला म्हातारबा आला, बहिणींचं सूप आलं, आणि शेवटी लिहिलं होतं: टाकीखाली निळी खुर्ची बाहेर असली तर आत जावं, मीठ आपलं आपण न्यावं. का, ते त्या मुलीने लिहिलं नाही. तिला कळलं नव्हतं म्हणून, की कळलं होतं म्हणून, ते देव जाणे. आता कधीमधी लांबून आलेली अनोळखी माणसं दारात उभी राहतात आणि कागदाच्या पुड्या दाखवून विचारतात, "आणलंय आम्ही, चालेल ना?" जागेच्या मालकाने पुढे काही कळवलेलं नाही. खुर्ची तूर्त बाहेर असते.

तुमचं कधी त्या बाजूला जाणं झालं, तर खिशात चिमूटभर मीठ असू द्या, आणि खिडकीजवळ बसलेल्या माणसाला काही विचारू नका. फक्त वाडगा पुढ्यात आला की घास घेण्याआधी भाऊंची एकदा आठवण काढा. भिजलेला पाव खाणाऱ्या माणसासाठी त्यांनी घरात टेबलं टाकली. आणि त्यांच्या पुढ्यातली डबी मात्र कुणाला उचलवली नाही.